जुन्या वायरलेस कंट्रोलरमध्ये हार्टब्लीड सापडले: केवळ फर्मवेअर बदलून भागेल का?

उंबरठा (धागाकर्ता)

आमच्या संस्थेतील नेटवर्कची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली असून सध्या मी सर्व उपकरणांची नव्याने नोंद करत आहे. रॅकच्या तळाशी अनेक वर्षे अखंड चालू असलेला एक वायरलेस कंट्रोलर (वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणारे उपकरण) त्यात तपासला, तेव्हा त्याच्या व्यवस्थापन-पृष्ठाच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टने हार्टबीटच्या, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे विचारणाऱ्या संदेशाच्या, सदोष विनंतीला उत्तर दिले आणि त्या उत्तरातून त्याच्या मेमरीतला मजकूर बाहेर आला. सीव्हीई-२०१४-०१६०, म्हणजेच हार्टब्लीड. ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली आणि त्याच दिवशी ओपनएसएसएल या कूटबद्धीकरणाच्या लायब्ररीच्या १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्तही झाली. ती आपल्याच रॅकमध्ये इतक्या वर्षांनी जिवंत सापडावी, याचा मला धक्का बसला. हाच कंट्रोलर पाहुण्यांना लॉगिन-पृष्ठ दाखवतो आणि त्यासाठी त्यावर आमचे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र (एका डोमेनच्या सर्व उपनावांना चालणारे) बसवलेले आहे. तेच प्रमाणपत्र मेल सर्व्हरवर आणि आणखी सात सर्व्हरांवर वापरात आहे.

उत्पादकाने या मॉडेलची जबाबदारी केव्हाच सोडली आहे, मात्र त्याचे शेवटचे फर्मवेअर अजून उतरवून घेता येते. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे असे, की ते फर्मवेअर बसवावे आणि विषय संपवावा. शिवाय व्यवस्थापन-पृष्ठ आतल्या नेटवर्कमध्येच असल्याने घाई करण्याचे कारण नाही. मला यातले काहीच पटत नाही, पण माझ्या शंकेला भक्कम आधार हवा आहे. ज्यांनी २०१४ मध्ये अशा उपकरणांवर प्रत्यक्ष काम केले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळटीप

दोष नेमका कोठे होता ते आधी पाहू, कारण पुढचे सारे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. जोडणी जिवंत आहे की नाही हे पुन्हा हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) न करता समजावे, यासाठी फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५२० या दस्तऐवजाने टीएलएस या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीत हार्टबीटची सोय आणली. विनंतीची रचना साधी आहे. पहिला बाइट प्रकार सांगतो, पुढचे दोन बाइट मजकुराची लांबी सांगतात, त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर येतो आणि शेवटी किमान १६ बाइटांची भर असते. समोरच्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. सांगितलेली लांबी आलेल्या संदेशात मावत नसेल तर तो संदेश निमूटपणे टाकून द्यावा, असे त्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे नियम बरोबर होता. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत आणि १.०.२ च्या पहिल्या बीटामध्ये त्याची अंमलबजावणी मात्र अपुरी राहिली. पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी मानून प्रोग्रॅम तेवढे बाइट मेमरीतून उचलत असे आणि उत्तरात भरत असे.

त्या काळी तपासणीसाठी सर्वत्र फिरलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममधील विनंती मला आजही पाठ आहे: १८ ०३ ०२ ०० ०३ ०१ ४० ००. हे षोडशमान पद्धतीतले आठ बाइट आहेत. पहिला सांगतो की हा हार्टबीटचा रेकॉर्ड आहे, पुढचे दोन टीएलएस १.१ ही आवृत्ती सांगतात आणि त्यापुढचे दोन रेकॉर्डची लांबी तीनच बाइट असल्याचे सांगतात. उरलेल्या तीन बाइटांपैकी पहिल्याचा अर्थ विनंती, आणि शेवटच्या दोनांचा अर्थ ‘माझा मजकूर १६,३८४ बाइटांचा आहे’. प्रत्यक्षात मजकूर एकाही बाइटाचा नाही. तरीही सर्व्हर १६,३८४ बाइट परत पाठवतो आणि ते सगळे त्याच्या स्वतःच्या मेमरीतले असतात. लांबीसाठी दोन बाइट राखलेले असल्यामुळे एका खेपेला सुमारे ६४ किलोबाइट इतके बाहेर येऊ शकते, आणि अशा खेपा किती कराव्यात याला कोणतीही मर्यादा नाही.

दुरुस्ती जेमतेम काही ओळींची होती. एक, दोन, सांगितलेली लांबी आणि सोळा यांची बेरीज आलेल्या रेकॉर्डच्या लांबीपेक्षा जास्त भरली, तर संदेश टाकून द्यायचा. हे सारे पासवर्ड विचारण्याच्या आधी, हँडशेक चालू असतानाही करता येते, आणि सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये त्याची एकही ओळ उमटत नाही. म्हणून ‘आमच्या लॉगमध्ये काही आढळले नाही’ या वाक्याला या बाबतीत काहीही अर्थ उरत नाही.

पायवाट

तळटीप यांनी यंत्रणा नेमकी सांगितली आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. बाहेर येते ती मेमरी हल्लेखोराच्या पसंतीची नसते. त्याच्या विनंतीच्या बफरशेजारी त्या क्षणी जे असेल तेच त्याला मिळते. बहुतेक वेळा तो निरुपयोगी कचरा असतो. शिवाय हे वाचन त्या एका प्रोसेसच्या मेमरीपुरते मर्यादित राहते, शेजारच्या प्रोसेसमध्ये शिरत नाही. व्यवस्थापन-पृष्ठ एका प्रोसेसमध्ये आणि पाहुण्यांचे पृष्ठ दुसऱ्या प्रोसेसमध्ये चालत असेल, तर वाइल्डकार्डची खासगी किल्ली (प्रमाणपत्राची गुप्त बाजू) सुरक्षित असण्याची शक्यता बरीच आहे. आठ सर्व्हरांची प्रमाणपत्रे बदलणे म्हणजे काही रात्रींचे काम आणि सेवा बंद पडण्याची जोखीम. ती पत्करण्याआधी धोका खरोखर किती आहे हे मोजायला हवे, असे मला वाटते.

कंदील

पायवाट, प्रोसेसच्या मर्यादेचा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि धागाकर्त्यांनी तो तपासलाच पाहिजे. मात्र ‘बहुतेक वेळा कचरा’ या समजावर विसंबू नये. एप्रिल २०१४ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या अभियंत्यांनाही खासगी किल्ली अशा मार्गाने मिळणे फार अवघड असावे असेच वाटत होते. आपला अंदाज पारखण्यासाठी त्यांनी मुद्दाम सदोष ठेवलेला एक सर्व्हर ११ एप्रिल रोजी सर्वांसाठी खुला केला आणि त्याची किल्ली काढून दाखवण्याचे आव्हान दिले. त्याच दिवशी किल्ली निघाली. पहिल्या व्यक्तीने दिवसभरात किमान २५ लाख विनंत्या पाठवल्या होत्या, तर दुसरीला साधारण १ लाख विनंत्या पुरल्या.

किल्ली ओळखली कशी जाते, हेही समजून घेण्यासारखे आहे. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीचा पाया म्हणजे प्रत्येकी १०२४ बिटांच्या, म्हणजेच १२८ बाइटांच्या, दोन मूळ संख्या. त्यांचा गुणाकार प्रमाणपत्रात उघड लिहिलेला असतो. हल्लेखोराने मिळालेल्या मेमरीतून एकेक बाइट पुढे सरकत १२८ बाइटांचे तुकडे घ्यायचे आणि प्रत्येक तुकड्याने त्या गुणाकाराला निःशेष भाग जातो का एवढेच पाहायचे. एकदा भाग गेला की संपूर्ण खासगी किल्ली हाती आली. कचऱ्यातून सोने ओळखण्यासाठी त्याला स्वतःचा अंदाज वापरावाच लागत नाही. गणितच त्याला सांगते. आणि त्या मूळ संख्या तेथे सापडत होत्या, कारण आकडेमोड करताना केलेल्या त्यांच्या तात्पुरत्या प्रती पुसल्याशिवाय मोकळ्या केल्या जात होत्या.

यात ओपनएसएसएलच्या आणखी एका सवयीची भर पडली. वेग मिळावा म्हणून ही लायब्ररी वापरून झालेले बफर ऑपरेटिंग सिस्टमला परत न करता स्वतःच्या यादीत ठेवत असे आणि पुन्हा पुन्हा तेच वापरत असे. ऑपरेटिंग सिस्टममध्ये मोकळी मेमरी पुसण्याची किंवा तिला पहारा देण्याची जी सोय असते, ती त्यामुळे निष्प्रभ झाली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी यावर अत्यंत कडक टीका केली आणि त्याच महिन्यात लिब्रेएसएसएल ही वेगळी शाखा सुरू केली. ती टीका मला तेव्हाही रास्त वाटली होती आणि आजही वाटते.

पायवाट

आव्हानाचा निकाल मला माहीत होता, पण भागाकाराची पद्धत माहीत नव्हती. किल्लीविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो. तरीही आतल्या नेटवर्कचा मुद्दा उरतोच.

सांधा

तो मुद्दा वायरलेस कंट्रोलरच्या बाबतीत टिकत नाही, आणि या धाग्यात मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. टीएलएस केवळ वेबपृष्ठांसाठी वापरले जात नाही. संस्थांच्या वायरलेस नेटवर्कमध्ये वापरकर्त्याची ओळख पटवताना पीईएपी, ईएपी-टीटीएलएस किंवा ईएपी-टीएलएस यांपैकी एखादी पद्धत चालते आणि या तिन्हींच्या पोटात टीएलएसचा हँडशेक असतो. समोर ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर असतो आणि तो ओपनएसएसएल वापरत असेल तर हार्टबीटची विनंती त्याच्यापर्यंतही पोहोचते. २०१४ मध्येच एका संशोधकाने ‘क्युपिड’ या नावाने याचे प्रात्यक्षिक केले होते. त्यात सदोष ओपनएसएसएलशी जोडलेला फ्रीरेडियस (एक रेडियस सर्व्हर) आणि होस्टएपीडी (अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्रॅम) हे दोन्ही बाधित आढळले, आणि उलट दिशेने, खोट्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडून ग्राहक-उपकरणांवरही तोच प्रयोग करता आला.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की पासवर्ड माहीत नसलेला, इमारतीच्या बाहेर उभा असलेला आणि नेटवर्कमध्ये अजून प्रवेशही न मिळालेला माणूस तुमच्या रेडिओ लहरींच्या टप्प्यात आहे एवढ्यावर ती मेमरी वाचू शकतो. आयपी पत्ता मिळण्याच्या आधीच हे घडत असल्यामुळे फायरवॉलचा नियम येथे लागूच होत नाही. उंबरठा, तुमच्या कंट्रोलरवर स्थानिक रेडियस चालू आहे का ते आधी पाहा. चालू असेल, तर ‘आतले नेटवर्क’ हा शब्दप्रयोग आजच थांबवा.

उंबरठा (धागाकर्ता)

सांधा, आताच पाहिले. स्थानिक रेडियस चालू आहे. पूर्वी कधीतरी मुख्य रेडियस बंद पडल्यास पर्याय हवा म्हणून तो सुरू केलेला दिसतो. ईएपीच्या मार्गाने मी अद्याप चाचणी केलेली नाही, पण तोवर वाट न पाहता तो पर्याय बंद केला आहे. पाहुण्यांच्या लॉगिन-पृष्ठाच्या पोर्टवर वेगळी चाचणी केली असता तेथूनही मेमरी बाहेर आली. त्यामुळे वाइल्डकार्डची किल्ली ज्या प्रोसेसमध्ये आहे तीच सदोष आहे हे आता निश्चित झाले.

तळटीप

चाचणीविषयी एक विनंती. उत्तरात येणारी मेमरी खरी असते. त्यात तुमच्या सहकाऱ्यांचे पासवर्ड आणि सेशन-कुकी (लॉगिन चालू असल्याची खूण) असू शकतात. ते उत्तर फाइलमध्ये साठवू नका, या धाग्यावर तर मुळीच डकवू नका, आणि चाचणी करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या. अपेक्षेपेक्षा लांब उत्तर आले एवढे कळणे पुरेसे आहे. आत काय आले ते वाचण्याची गरज नाही.

कंदील

आवृत्तीच्या क्रमांकावरून निष्कर्ष काढणाऱ्यांसाठीही लिहून ठेवतो, कारण २०१४ मध्ये यात मोठा गोंधळ झाला होता. रेड हॅटने आपल्या सहाव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती दिली तेव्हा पॅकेजचा क्रमांक १.०.१ई असाच राहिला. बदलली ती केवळ त्यामागची पुरवणी. त्यामुळे केवळ ‘ई’ हे अक्षर पाहून दुरुस्त झालेल्या सर्व्हरांवर अनेकांनी सदोष असल्याचा शिक्का मारला. याच्या उलट, ०.९.८ किंवा १.०.० वर अडकलेली कितीतरी जुनी उपकरणे या त्रुटीपासून मुक्त होती, कारण त्यांत हार्टबीटच नव्हते. नवे फर्मवेअर तत्परतेने बसवणाऱ्याच्या पदरी दोष पडला आणि आळस करणारा वाचला, असे त्या वेळी अनेक ठिकाणी घडले.

उपकरणांच्या बाबतीत आणखी गुंतागुंत अशी, की एकाच पेटीत ओपनएसएसएलच्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रती असू शकतात. एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या नेटवर्क-उपकरणाचे उदाहरण बोलके आहे. ११.५.० आणि ११.५.१ या आवृत्त्यांत त्याचे व्यवस्थापन-पृष्ठ सदोष होते, पण प्रत्यक्ष वाहतूक हाताळणारा भाग स्वतःची वेगळी टीएलएस रचना वापरत असल्यामुळे नेहमीच्या मांडणीत वाचला होता. फॉर्टिनेटच्या फॉर्टीओएसमध्ये ५.० ही मालिका ५.०.६ पर्यंत सदोष होती आणि ५.०.७ मध्ये ती सुधारली गेली. सिस्कोची एएसए फायरवॉल बाधित नव्हती, मात्र त्याच कंपनीची इतर काही उत्पादने होती. म्हणून ‘अमुक कंपनीचे आहे, म्हणजे ठीक आहे’ असे म्हणता येत नाही. प्रत्येक पेटीतील प्रत्येक पोर्टवर, प्रत्येक आयपी पत्त्यावर आणि टीएलएसच्या प्रत्येक आवृत्तीत चाचणी करावी लागते. एनमॅप या तपासणी-साधनामध्ये त्यासाठीची स्क्रिप्ट आहे. आणि उपकरण स्वतः ग्राहक म्हणून जेथे जोडते, उदाहरणार्थ अपडेट आणण्यासाठी किंवा एलडॅप (वापरकर्त्यांची यादी ठेवणाऱ्या) सर्व्हरकडे, ती बाजू विसरू नये. सदोष ग्राहकाची मेमरीही दुष्ट सर्व्हरला वाचता येते.

मोजपट्टी

मी २०१४ मध्ये एका मोठ्या नेटवर्कच्या देखभालीत होतो. त्या आठवड्यात आम्ही सर्वांनी केलेली चूक सांगतो, म्हणजे ती पुन्हा होणार नाही. आम्ही पासवर्ड आधी बदलायला लावले आणि उपकरणांचे फर्मवेअर नंतर आले. उत्पादकाची दुरुस्ती हाती येईपर्यंत काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत लोक आपले नवे पासवर्ड त्याच गळक्या मेमरीत टाइप करत राहिले. सगळे काम पुन्हा करावे लागले.

क्रम असा असला पाहिजे, आणि तो बदलून चालत नाही: आधी गळती बंद करायची, मग ती पेटीचे फर्मवेअर बदलून असो वा पेटीच बाजूला करून. त्यानंतर पूर्णपणे नवी किल्ली तयार करायची, नवे प्रमाणपत्र घ्यायचे आणि ते बसवल्यावर जुने रद्द करायचे. मग चालू असलेली सर्व सेशने तोडायची. पासवर्ड सर्वात शेवटी.

सेशनांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती पायरी सर्रास गाळली जाते. त्रुटी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिल २०१४ रोजी, मॅन्डियंट या सुरक्षा कंपनीच्या एका ग्राहकाच्या एसएसएल व्हीपीएन उपकरणावर हल्ला सुरू झाला. हल्लेखोराने ना किल्ली काढली ना पासवर्ड. आधीच लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांचे सेशन-टोकन त्याने मेमरीतून उचलले आणि थेट त्यांच्या जागी जाऊन बसला. दुहेरी पडताळणी होती, पण ती खऱ्या वापरकर्त्याने आधीच पार केलेली असल्यामुळे चोराला तिचा अडथळा झालाच नाही. हे उघडकीस आले ते दोन खुणांवरून. घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेने मोठ्या हार्टबीट-उत्तरांविषयी १७,००० हून अधिक इशारे दिले होते, आणि व्हीपीएनच्या लॉगमध्ये एकाच सेशनचा आयपी पत्ता खरा आणि परका असा सतत आलटून पालटून दिसत होता. उंबरठा, तुमच्या कंट्रोलरच्या जुन्या नोंदी कुठे साठवलेल्या असतील, तर त्यांत ही दुसरी खूण जरूर शोधा. त्रुटीची नोंद होत नसली, तरी तिच्या वापराची सावली अशी कुठेतरी पडते.

पायवाट

मग घुसखोरी रोखणाऱ्या यंत्रणेत हार्टबीट अडवण्याचा नियम टाकून तात्पुरते काम चालवता येणार नाही का? फर्मवेअर बसवताना जुनी पेटी बंद पडण्याची भीती अनाठायी नाही.

तळटीप

हँडशेक पूर्ण होण्याआधी पाठवलेली विनंती उघड असते, म्हणून ती ओळखता येते. पण हँडशेकनंतर तीच विनंती कूटबद्ध रूपात जाते, आणि मग बाहेरून केवळ रेकॉर्डचा प्रकार आणि लांबी दिसते; लहानशा विनंतीला मोठे उत्तर गेले एवढ्यावरून संशय घ्यावा लागतो. शिवाय सांधा यांनी सांगितलेला ईएपीचा मार्ग त्या यंत्रणेच्या दृष्टीसच पडत नाही. ज्यांच्याकडे मूळ प्रोग्रॅम असतो ते हार्टबीट वगळण्याचा पर्याय देऊन लायब्ररी पुन्हा बांधू शकतात आणि ओपनएसएसएलच्या अधिकृत सूचनेतही तो उपाय दिला होता. बंद पेटीच्या मालकाच्या हातात मात्र तेवढेही नसते. म्हणून अडवण्याचा नियम जरूर टाका, पण तो एका रात्रीपुरता आहे असे समजून टाका.

उंबरठा (धागाकर्ता)

एक वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. आमचे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र दरवर्षी नवे होते, त्यामुळे २०१४ मधले प्रमाणपत्र कालबाह्य होऊन युगे लोटली, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. मी जुन्या फाइलींत शोधले, तेव्हा प्रमाणपत्राच्या मागणीची एकच सीएसआर फाइल सापडली. पहिल्या खरेदीपासून दरवर्षी तीच पाठवली गेली आहे. जुन्या आणि आजच्या प्रमाणपत्रांतील सार्वजनिक किल्ल्यांचे ठसे मी ताडून पाहिले. ते तंतोतंत सारखे आहेत.

कंदील

मला हेच भय होते. सीएसआर तीच म्हणजे किल्ली तीच, आणि किल्ली तीच असेल तर प्रमाणपत्राचे दर वर्षीचे नूतनीकरण म्हणजे कुलूप तेच ठेवून दारावरची पाटी रंगवणे. २०१४ मध्ये जर कोणी ती किल्ली काढली असेल, तर आजही ती तुमच्या मेल सर्व्हरला लागते. २०२० पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांची मुदत ३९८ दिवसांवर आली आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांपर्यंत उतरणार आहे, पण किल्ली बदलली नाही तर या मुदतीने फारसे काही साधत नाही. नूतनीकरण करताना नवी किल्ली आपोआप तयार व्हावी अशीच व्यवस्था असली पाहिजे. आणि तुमच्याकडे तर पेटी आजही गळत असल्यामुळे मध्ये कधी किल्ली बदलली असती, तरी नवी किल्ली त्याच गळतीतून गेली असती.

मागच्या वाहतुकीचाही विचार करा. टीएलएसमध्ये किल्ल्यांची देवाणघेवाण थेट आरएसएने होत असेल, तर आधी कोणी साठवून ठेवलेली वाहतूक ती खासगी किल्ली मिळताच उलगडता येते. तात्पुरत्या किल्ल्यांची पद्धत वापरली असेल तर तसे होत नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ ने थेट आरएसएची पद्धत काढूनच टाकली. त्या जुन्या कंट्रोलरमध्ये मात्र तीच चालू असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणजे पाहुण्यांनी त्या पृष्ठावर भरलेली माहिती उघड झाली असे गृहीत धरूनच पुढे जावे लागेल.

सांधा

प्रमाणपत्र रद्द करण्याविषयी फार अपेक्षा ठेवू नका, पण ते कराच. हार्टब्लीडनंतर क्लाउडफ्लेअरने आपली प्रमाणपत्रे एकगठ्ठा रद्द केली, तेव्हा ग्लोबलसाइन या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची रद्द प्रमाणपत्रांची यादी सुमारे २२ किलोबाइटांवरून सुमारे ४.७ मेगाबाइटांवर गेली होती. एवढी यादी कोणते ब्राउझर उतरवून घेणार? क्रोम तर मुळातच प्रत्येक जोडणीच्या वेळी अशी विचारणा करत नव्हते. रद्द केलेले प्रमाणपत्र काही ग्राहकांना चालतच राहते, ही या व्यवस्थेची जुनी दुबळी बाजू आहे. मागणी करताना ‘किल्ली फुटली’ हेच कारण निवडा, कारण त्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला तातडीने कृती करावी लागते.

मोजपट्टी

थोडे विषयाच्या कडेने, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा सदोष भाग ३१ डिसेंबर २०११ रोजी ओपनएसएसएलमध्ये दाखल झाला, १४ मार्च २०१२ रोजी १.०.१ सोबत जगभर गेला आणि दोन वर्षांहून अधिक काळ कोणाच्या लक्षात आला नाही. शेवटी गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉनचे अभियंते यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. त्या काळात ओपनएसएसएलला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. त्या लायब्ररीवर उभी असलेली उपकरणे मोठ्या किमतीला विकली जात होती. चूक करणाऱ्या प्रोग्रॅमरला तेव्हा पुष्कळांनी बोल लावले. मला तो न्याय कधीच पटला नाही. सीमा तपासायची राहून जाणे ही सी भाषेत काम करणाऱ्या कोणाकडूनही होऊ शकणारी चूक आहे. ती दुसऱ्या जाणत्या नजरेने पकडायची असते आणि ती दुसरी नजर पुरवणे, ज्यांना या लायब्ररीतून नफा मिळत होता, त्यांचे काम होते. २४ एप्रिल २०१४ रोजी लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा करण्याचा उपक्रम जाहीर केला, तो या घटनेनंतरच.

आणि त्रुटींचा हा वर्ग संपलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेटस्केलर या नेटवर्क-उपकरणांत सापडलेली सीव्हीई-२०२३-४९६६ पाहा. तेथे दोष ओपनएसएसएलमध्ये नव्हता, पण नाते सख्खे आहे. बफरमध्ये मजकूर लिहिणारे फंक्शन ‘जागा पुरली असती तर किती लिहिले असते’ हा आकडा परत करते. प्रोग्रॅमने तोच आकडा ‘प्रत्यक्ष किती लिहिले’ असा समजून तेवढे बाइट पाठवले. विनंतीतील एक शीर्षक-ओळ हजारो बाइट लांब केली की पलीकडची मेमरी उत्तरात येई आणि तिच्यात सेशन-टोकन असत. १० ऑक्टोबरला दुरुस्ती आली, पण ऑगस्टच्या अखेरीपासून हल्ले चालू होते, आणि दुरुस्ती बसवल्यानंतरही आधी चोरलेली टोकने चालत राहिली. सेशने तोडण्याची पायरी ज्यांनी गाळली, त्यांच्या पेट्या दुरुस्त झाल्या आणि चोर आतच राहिले.

पायवाट

उंबरठा, आता माझेही मत बदलले आहे. वरिष्ठांना दाखवायचे असेल तर शोडान या इंटरनेटवरील उपकरणे शोधणाऱ्या सर्च इंजिनच्या जानेवारी २०१७ च्या पाहणीचा उल्लेख करा. त्रुटी जाहीर होऊन पावणेतीन वर्षे झाल्यावरही इंटरनेटवर जवळपास २ लाख सेवा सदोष अवस्थेत उघड्या होत्या. तुमची संस्था एकटी नाही, हे कळले की अनेकदा चर्चा सोपी होते.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत काय झाले ते लिहितो.

शेवटचे फर्मवेअर बसवून पाहिले आणि चाचणी पुन्हा केली. व्यवस्थापन-पृष्ठ आणि लॉगिन-पृष्ठ या दोन्हींनी सदोष विनंती आता टाकून दिली. तरीही यापुढे कोणतीही दुरुस्ती येणार नसलेले उपकरण ठेवायचे नाही, हा निर्णय वरिष्ठांनीच घेतला. क्युपिडचे प्रात्यक्षिक आणि सारखे निघालेले ठसे या दोन गोष्टी त्यांना दाखवल्यावर वेगळे काही सांगावे लागले नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट दुसऱ्या कंट्रोलरवर हलवले असून जुना नेटवर्कमधून काढला आहे. वाइल्डकार्डचा वापर थांबवत आहोत. प्रत्येक सर्व्हरसाठी त्या सर्व्हरवरच तयार झालेली स्वतंत्र किल्ली आणि स्वतंत्र प्रमाणपत्र असेल. आठपैकी सात सर्व्हर पूर्ण झाले आहेत. मेल सर्व्हर शनिवारी रात्री होईल. तो झाला की जुने प्रमाणपत्र किल्ली फुटल्याच्या कारणाने रद्द करायचे, सर्व सेशने तोडायची आणि सोमवारी सकाळी पासवर्ड बदलायला सांगायचे, असा क्रम मोजपट्टी यांच्या सल्ल्याप्रमाणे ठरवला आहे. जुन्या नोंदींपैकी चौदा महिन्यांच्या हाती आल्या. त्यांत एकाच सेशनचा पत्ता आलटून पालटून बदलल्याची खूण आढळली नाही, पण त्याआधीच्या काळाविषयी मी काहीच म्हणू शकत नाही.

सांधा

पेटी काढली, पण तिच्या फ्लॅश मेमरीत ती किल्ली अजून आहे. भंगारात देण्यापूर्वी ती काढून नष्ट करा. आणि कंट्रोलरच्या मांडणीचे बॅकअप कुठे साठवले जात होते?

उंबरठा (धागाकर्ता)

फाइल सर्व्हरवर, दर रविवारी एक, अशा एकशे त्र्याण्णव फाइली मिळाल्या. त्यांतली एक उघडून पाहिली. किल्ली आत आहे, आणि रेडियसचे सामायिक गुपितही. ते गुपित इतर तीन उपकरणांवर तेच आहे, म्हणून त्यांची नावे आता यादीत वर घेतली आहेत. शनिवारचे काम झाले की येथेच कळवतो.